उधारीची तरतरी

जालन्याच्या एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या एका शाळासोबत्याचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची टपरीच. पण पुढं काचेचा उभा फ्रीज आल्यापासून लोक तिला दुकान म्हणायला लागले. फ्रीज कंपनीनं फुकट दिलाय. अट एवढीच की आत दुसऱ्याचा माल दिसायला नको. म्हणून घरच्या दुधाच्या पिशव्या तो खालच्या कप्प्यात, लाल बाटल्यांच्या मागं दडवून ठेवतो.

लाल बाटली म्हणजे ती वीस रुपयांवाली. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला. इकडं नुसतं "एक लाल दे" म्हटलं तरी हातात येते.

मे महिन्यात एका दुपारी मी तिथं बसलो होतो, तेवढ्यात त्याची आत्या आली. आत्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली. वॉर्ड सुटला, पण आवाज सुटला नाही. भाच्याच्या दुकानात ती पाहुणी म्हणून येते आणि तपासणी करून जाते. त्या दिवशी पदरानं घाम पुसत तिनं फ्रीज उघडला, पाण्यासाठी हात घातला आणि हाती लाल बाटली आली. कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर आला.

"हे काय लिहिलंय रे? मुंग्यांनी वाचायचंय का?"

"त्यात वाचायचं काय आत्या? लोक प्यायला नेतात."

आत्यानं बाटली उजेडात धरली आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून मराठीत उतरवली. कॅफिनचं प्रमाण जास्त. लहान मुलं, गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या बाया आणि ज्यांना कॅफिन सोसत नाही, त्यांनी घेऊ नये. दिवसाला पाचशे मिलीच्या वर नको.

"म्हणजे दोन बाटल्या. आणि तो पहाटेचा पोरगा किती नेतो म्हणालास?"

"तीन," भाचा खाली बघून म्हणाला. मग वर बघून म्हणाला, "पण तो भरतीवाला आहे. पोलिसात जायचंय त्याला. सोळाशे मीटर मारायचे असतात. एक पळायच्या आधी, एक पळून आल्यावर, एक रात्रीच्या अभ्यासाला. मी नाही दिली तर पुढच्या टपरीवरून घेईल. तिथं तर उधारही देत नाहीत."

"लय उपकार करू राहिलास पोरावर."

भाचा तसा ऐकून घेणारा माणूस आहे, पण दुकानदार आहे. त्यानं गल्ल्यावरचा कपडा झटकला आणि उलटा डाव टाकला.

"आत्या, सकाळपासून चहा किती झाला तुझा?"

आता खाली बघायची पाळी आत्याची होती. "तीन."

"आणि रात्रीपर्यंत अजून तीन. तुझ्या चहात काय तुळशीचं तीर्थ असतं?"

इथं मला मध्ये पडावं लागलं, कारण दोघंही माझ्याकडं बघायला लागले. पेपरात काम करणाऱ्या माणसाला आकडे पाठ असतात, असा आमच्याकडं समज आहे. मोबाइल काढून मी हिशोब मांडला. घरच्या उकळलेल्या चहाच्या शंभर मिलीच्या कपात ढोबळमानानं २० ते ३० मिलिग्रॅम कॅफिन उतरतं. साध्या काळ्या कोलाच्या अडीचशे मिलीत २५च्या आसपास. म्हणजे ज्या कोलाच्या नावानं घराघरांत शिमगा होतो, ती अख्खी बाटली कॅफिनपुरती आत्याच्या एका कपाच्या तोलाची. लाल बाटलीची जात मात्र वेगळी. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत साध्या कोलाला लिटरमागं १४५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. त्याच्या वर, ३०० पर्यंत गेलं की ते 'कॅफिनयुक्त पेय' होतं आणि मग तो मुंग्यांचा मजकूर छापावा लागतो. कमाल मर्यादा धरली तर अडीचशे मिलीच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅम. तीन कप चहा, एका दमात.

"मग? सोसायचं किती माणसानं?" आत्यानं विचारलं.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली याचा आढावा घेतला होता. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, एका वेळी २०० च्या वर नको; गरोदर बाईला दिवसाचेच २००.

भाचा लगेच बोटांवर आला. "तुझे सहा कप, दीडशे. त्याच्या तीन बाटल्या, सव्वादोनशे. दोघंही चारशेच्या आत. मग ओरडा माझ्याच फ्रीजवर काहून?"

खरं सांगायचं तर हा डाव भाच्यानं जिंकला होता. कॅफिनला विष म्हणायचं तर आधी महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरातलं चहाचं पातेलं उतरवावं लागेल. वीस वर्षांची आपली अंगठाछाप भीतीही त्याच्या पथ्यावर पडली. त्यानं ती सगळी एका दमात ओकली: कोलात दात टाकला की रात्रीत विरघळतो, त्यानं संडास धुतात, त्यात कीटकनाशक असतं. कीटकनाशकाची गोष्ट खोटी नव्हती. २००३ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं ते मोजून दाखवलं, संसदेची संयुक्त समिती बसली, तिचे अध्यक्ष शरद पवार होते आणि समितीनं केंद्राचे निष्कर्ष ग्राह्य धरले. पण दाताचं काय? दाताचं वरचं कवच साधारण साडेपाचपेक्षा कमी सामूला झिजायला लागतं आणि कोलाचा सामू अडीचच्या आसपास असतो, हे खरंच. पण लिंबाचा रस त्याहून आंबट असतो, आणि लिंबाच्या नावानं व्हॉट्सॲपवर कुणी काही पाठवत नाही. फरक एवढाच की लिंबू कुणी दिवसभर घोट घोट चोखत बसत नाही.

"दात राहू दे," आत्या म्हणाली. "कॅफिन पण राहू दे. साखर सांग."

कोलाच्या शंभर मिलीत साडेदहा ग्रॅमच्या वर साखर असते. अडीचशेच्या बाटलीत सव्वीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची जी बरी मर्यादा सुचवली, ती मोठ्या माणसासाठी दिवसाला साधारण २५ ग्रॅम येते. एका बाटलीत दिवस संपला.

"झालं!" आत्या म्हणाली. "आम्ही वॉर्डात ऐन तिशीतल्या पोरांची शुगर बघायचो आणि विचारायचो, गोड खातो का? तर म्हणायचे, नाही सिस्टर, मिठाई नाही खात. पितो किती ते विचारायचं आम्हालाच सुचायचं नाही. पातळ साखर माणसाच्या हिशोबात नसते. चार जिलब्या खाल्ल्या तर पोट बोलतं, बाटली पिऊन पोट बोलत नाही."

"आणि गावातल्या बाकीच्यांच्या चहात?" भाचा हटायला तयार नव्हता. "तुझा बिनसाखरेचा आहे, तो डॉक्टरनं केला म्हणून. आपल्या घरात एका कपाला दोन चमचे पडतात. सहा कपांचे बारा. त्याला कोण बोलतं?"

आत्या गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "बोलायला पाहिजे."

मला वाटलं, विषय इथं मिटला. पण आत्या दुसऱ्या दारानं आत आली.

"मग मोसंबीचा रस विक की. मोसंबीच्या जिल्ह्यात बसून लाल पाणी विकतोस, लाज नाही वाटत?"

हे लागलं. भाचा काही बोलला नाही, फ्रीजचं दार लावून घेतलं. तो का बोलला नाही हे मला माहीत आहे. बदनापूरकडं त्यांची मोसंबीची बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. ज्यांना परवडलं त्यांनी टँकर विकत घेऊन झाडं धरली, बाकीच्यांनी कुऱ्हाड लावली. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आत्याच्याच भावानं, आपल्या हातानं लावलेली झाडं सरपण म्हणून विकली. २०१६ मध्ये 'जालना मोसंबी'ला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या रानात कपाशी होती आणि हा या रस्त्यावर पत्रे ठोकत होता.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "केलं होतं आत्या. पहिल्या वर्षी रसाचं मशीन आणलं होतं. मोसंबीचा रस काढला की लगेच प्यायचा असतो. अर्धा तास ठेवला की कडू. गिऱ्हाईक येतं पाळी बदलताना, पन्नास जण एकदम. तेवढा रस आधी काढून ठेवता येत नाही, आणि ते आल्यावर काढायला वेळ नाही. बाटली कडू होत नाही."

यात शास्त्रही आहे. मोसंबीच्या फोडींच्या पापुद्र्यात जे द्रव्य बिनचव असतं, ते रस निघाला की त्यातल्या आंबटपणानं हळूहळू कडू लिमोनिनमध्ये बदलतं. आंब्याचा रस डबाबंद झाला, संत्र्याचा खोक्यात गेला, मोसंबी मात्र हातगाडीवरच राहिली, याचं एक कारण हा कडवटपणा. २०१४ मध्ये तुमकुरूला फूड पार्कचं उद्घाटन करताना पंतप्रधानांनी शीतपेय कंपन्यांना आवाहन केलं होतं की पेयांत निदान पाच टक्के फळांचा रस मिसळा, शेतकऱ्याचं भलं होईल. जालन्याच्या मोसंबीनं या बाबतीतही पंचाईतच केली असती. आणि आत्याला आवडणार नाही असं एक वाक्य मी तेव्हा गिळलं, ते इथं लिहितो: जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखरही त्याच पंचवीस ग्रॅमांत धरते. फोडी करून खाल्लेली मोसंबी त्यात धरत नाही. गाळणीत जे अडकतं तेच कामाचं.

चार वाजत आले होते. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. तेवढ्यात रोलिंग मिलमधला एक पोरगा आला. बिहारचा असावा, गळ्यात ओला गमछा, भुवयांवर काळी पूड. जालन्याची सळई देशभर जाते, ती हीच पोरं ओढतात. भट्टीत लोखंड हजाराच्या वर अंश तापवतात, लालबुंद बाहेर येतं आणि रोलरमधून सळई होऊन सापासारखं पळतं. बाहेर त्रेचाळीस अंश असले तर आत काय असेल, याचा विचार बाहेरच्या माणसानं करू नये.

"भैया, दो लाल."

आत्यानं भाच्याच्या हातातली बाटली तशीच थांबवली. "इधर आ रे. पेशाब कैसा होता?"

पोरगा गोंधळला. माझ्याकडं बघितलं, भाच्याकडं बघितलं. पण तीस-पस्तीस वर्षं वॉर्ड हाकलेल्या बाईला उत्तर टाळता येत नाही. "पीला होता, माताजी. चाय जैसा."

"ऐकलंस?" आत्या भाच्याला म्हणाली. "पाणी नाही अंगात. आणि त्यावर तू ही साखर ओतू राहिला." मग पोराला, "मिल में पानी नहीं क्या?"

"है ना. गरम रहता है. ये ठंडा है."

एवढं सरळ उत्तर मी या विषयावरच्या कुठल्याही लेखात वाचलेलं नाही. हा पोरगा कॅफिन विकत घेत नव्हता आणि साखरही घेत नव्हता. तो वीस रुपयांत गारवा विकत घेत होता. बाकीचं त्याच्या गळ्यात फुकट पडत होतं.

तरी त्या फुकटाची किंमत सांगायला हवी. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात बारा धडधाकट तरुण माणसांना ३५ अंशांच्या खोलीत चार तास शारीरिक काम करायला लावलं. एका खेपेला दोन लिटर पाणी दिलं, दुसऱ्या खेपेला तेवढंच कॅफिनवालं गोड शीतपेय. २०१९ मध्ये तो अभ्यास छापून आला. शीतपेयाच्या खेपेला मूत्रपिंडावर ताण आल्याच्या खुणा रक्तात-लघवीत वाढलेल्या दिसल्या, पाण्याच्या खेपेला तशा वाढल्या नाहीत. माणसं बाराच होती, त्यांची मूत्रपिंडं काही बिघडली नाहीत, आणि तिकडच्या पेयात मक्याची साखर असते, आपल्याकडं उसाची. पण उसाच्या साखरेतही निम्मं फ्रुक्टोजच असतं. तिकडं ३५ अंश आणि चार तास होते. आमच्याकडं किती अंश आणि किती तास, ते गमछ्यावर दिसत होतं.

"कॅफिननं पाणी निघून जातं अंगातलं," आत्या म्हणाली.

"तेवढं नाही जात," मी म्हणालो. इथं आत्या चुकत होती, आणि भाचा बघत होता की मी कुणाच्या बाजूचा. २०१४ मध्ये इंग्लंडात रोज कॉफी पिणाऱ्या पन्नास पुरुषांवर पाहणी झाली. दिवसाला चार कप कॉफी आणि तेवढंच पाणी, यात अंगातल्या पाण्याचा फरक दिसला नाही. ज्याला सवय आहे त्याला चहा-कॉफी सुकवत नाही. भट्टीपुढं दोष कॅफिनच्या लघवीचा नाही. दोष हा की घामावाटे मीठ जातं आणि बाटलीतून साखर येते.

"मग मीठ-साखर-पाणी दे," आत्या म्हणाली. "लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आयुष्य गेलं माझं ते ढवळण्यात."

"त्यातही साखरच की!"

"सहा चमचे, लिटरला. तुझ्या कोलाच्या लिटरात किती?"

शंभर ग्रॅमच्या पुढं. वीसपेक्षा जास्त चमचे. आणि मीठ जवळजवळ नाहीच. जलसंजीवनीतली ती थोडी साखर गोडीसाठी नसते, आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढून घ्यायला असते. प्रमाण बिघडलं की तीच साखर पाणी उलटं आतड्यात खेचते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मिश्रण पिंपांतून पाजलं आणि पटकीनं मरणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आणलं. जलसंजीवनीच्या इंग्रजी नावाचं वजन एवढं की नंतर गोड पेयांच्या खोक्यांवरही 'ओआरएस' छापलं जायला लागलं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं त्याविरुद्ध भांडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव वापरायला मनाई केली.

भाच्यानं मुकाट्यानं तांब्याभर गार पाणी काढलं, लिंबू पिळलं, आत्यानं चिमटीनं मीठ टाकलं. पोरगा उभ्या उभ्या प्यायला. तोंड पुसलं आणि म्हणाला, "अब दो लाल भी देना."

आत्या हसली. पहिल्यांदाच.

तो गेल्यावर भाचा बोलला ते माझ्या डोक्यात राहिलं. "आत्या, तुला वाटतं मी पोरांना नादी लावतो. रात्रपाळी लागली की हा पोरगा बारा तास उभा असतो. पहाटे चारला डोळा लागला तर सळई पायातून जाते. ती बाटली त्याला जागं ठेवते. तुझ्या लिंबू-पाण्यानं जागं राहता येतं का?"

"नाही," आत्या म्हणाली. "पण जागं ठेवते म्हणजे काय करते, ते ऐक. आपण जागे असलो की डोक्यात एक द्रव्य साचत जातं, ॲडेनोसिन म्हणतात. ते आपल्या जागेवर जाऊन बसलं की मेंदूला कळतं, थकलो. कॅफिन काय करतं? ती जागा अडवून बसतं. वॉर्डात पेशंटच्या खाटेवर नातेवाईक पसरलेला असतो ना, तसं. खाट भरलेली दिसते, पण पेशंट व्हरांड्यात साचू राहिलेत. नातेवाईक उठला की सगळे एकदम आत."

"म्हणजे उधारी," भाचा म्हणाला.

"उधारीच. वहीत दिसत नाही एवढंच."

आणि नातेवाईक लवकर उठत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर पंधरा तासांपर्यंत जातं, म्हणून त्या लेबलावर गरोदर बाई आहे. पहाटे चारला प्यालेल्या बाटलीतलं निम्मं सकाळी नऊला अंगात असतं, नेमकं तेव्हा हा पोरगा पत्र्याच्या खोलीत झोपायला आडवा होतो. डेट्रॉइटमध्ये २०१३ साली तपासलं, झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनंही झोप तासाभराहून जास्त कमी झाली. आणि झोपणाऱ्यांना ती तेवढी कमी झाल्याचं जाणवलंच नाही. मग उठल्यावर डोकं जड, मग पुन्हा लाल. सुट्टीच्या दिवशी बाटली चुकली की दुपारी डोकं ठणकतं. पोरगा समजतो ऊन लागलं.

भरतीवाल्या पोराचं गणित याच्या उलट आहे, आणि ते मला जास्त वाईट वाटतं. कॅफिननं पळण्यात खरंच फरक पडतो, ही अफवा नाही. ऑलिंपिकवाल्यांच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं २००४ मध्ये ते बंदीच्या यादीतून काढलं, पण नजर अजून ठेवलेली आहे. मात्र फरक दिसायला लागतो तो साधारणपणे वजनाच्या किलोमागं तीन मिलिग्रॅमपासून. साठ किलोच्या पोराला १८०. एका बाटलीत पंच्याहत्तर. म्हणजे पहिल्या बाटलीनं पायात काही येत नाही, छाती तेवढी धडधडते. आणि हिशोबानं प्यायची तर अडीच बाटल्या एकदम, पाऊण तास आधी, पोटात सहाशे मिली गोड पाणी हिंदकळत. त्या पोटानं सोळाशे मीटर कोण मारणार? तिसरी, रात्रीची, सगळ्यात महाग. रात्रीची झोप गेली की पहाटेचं पळणंही गेलं आणि रात्री वाचलेलंही.

"हे त्याला कोण सांगणार?" भाचा म्हणाला.

"तू. वीस रुपये घेताना."

"आणि शाळेतल्या पोरांना?"

हा प्रश्न त्यानंच काढला, आत्यानं नाही, म्हणून मला त्याच्याबद्दल बरं वाटलं. दुकानापासून शाळा दिसत नाही, पण घंटा ऐकू येते. युरोपच्या त्याच आढाव्यात मुलांसाठी किलोमागं तीन मिलिग्रॅमचा अंदाज दिलाय. तिसरी-चौथीतलं पोर पंचवीस किलोचं धरा. तीन गुणिले पंचवीस, पंच्याहत्तर. एक लाल बाटली, काटेकोर. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०११ मध्येच सांगून टाकलं की मुलांच्या आहारात अशा पेयांना जागाच नाही. लिथुआनियानं २०१४ मध्ये अठराच्या आतल्यांना ती विकायला बंदी केली, पोलंडनं २०२४ मध्ये. आपल्याकडं जुलै २०२४ मध्ये सत्यजीत तांबे यांनी विधान परिषदेत प्रश्न विचारला आणि मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी उत्तर दिलं की शाळांच्या पाचशे मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदीचा आदेश काढू.

"पाचशे मीटर कुठून मोजायचे?" भाच्यानं विचारलं. "फाटकापासून का कुंपणापासून? तंबाखूला शंभर यार्ड आहेत, ते मोजताना कुणाला बघितलंय? गुटखा २०१२ पासून बंद आहे. जालन्यात पुडी कुठं मिळत नाही ते दाखव, मी दुकान बंद करतो."

"म्हणून लेकरांना विकायची?"

"मी तसं म्हणालो का? सरकार एका बाजूला यावर चाळीस टक्के जीएसटी घेतं, पानमसाल्याच्या पंगतीला बसवतं, आणि दुसऱ्या बाजूला लेबल एवढं बारीक छापू देतं की तुला चष्मा लागला. मराठीत, मोठ्या अक्षरात, 'लेकरांना नाही' एवढं लिहा ना. मी फ्रीजला चिकटवतो."

"फ्रीज कंपनीचा आहे."

"हो की," तो म्हणाला, आणि डोकं खाजवलं.

सहा वाजले. ऊन उतरलं, पाळी बदलायची वेळ झाली, रस्त्यावर सायकली दिसायला लागल्या. भाच्यानं लाल बाटल्या पुढच्या ओळीत आणून लावल्या. धंदा धंद्याच्या जागी. मग एका वहीचा पाठचा पुठ्ठा फाडला, पेन शोधला, पेन चालेना. आत्यानं पिशवीतून आपला काढून दिला. पुठ्ठ्यावर त्यानं काहीतरी लिहिलं आणि फ्रीजला न लावता पत्र्याच्या खिळ्याला अडकवलं. खिळा त्याच्या मालकीचा होता.

"आता चहा कर," आत्या म्हणाली. "चौथा."

भाच्यानं घड्याळाकडं बघितलं. "सव्वासहा झाले. पाच तासांनी निम्मं म्हणजे सव्वाअकरा. परवा म्हणत होतीस ना, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही?"

आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की वॉर्डातल्या दहा नातेवाइकांनी खाटा सोडल्या असत्या.

"अर्धा कप कर," ती म्हणाली.